कंपनी कोणती?

मैत्रिणींनो, सल्ला ही आपल्याकडे फुकट मिळणारी वस्तू आहे. घरात कुणाला ताप आलाय म्हणून नुसतं बोला, शेजारणीकडून काढा, जाऊबाईंकडून लेप आणि दूधवाल्याकडून डॉक्टरचं नाव, सगळं दहा मिनिटांत घरपोच येतं. बदनापूर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसावं, तर बाकावरची अनोळखी बाईसुद्धा गुडघेदुखीवर तीन उपाय सांगून जाते. पण हाच सल्ला कोट घालून, रंगीत तक्ते काढून, इंग्रजीतून दिला की त्याचे कोट्यवधी रुपये मिळतात, हे माझी धाकटी एमबीएला गेली तेव्हा मला समजलं. या धंद्याला कन्सल्टिंग म्हणतात. आणि गंमत बघा, या कंपन्यांतही आपल्याकडच्या घराण्यांसारखी मानाची उतरंड आहे. कोण वरचं, कोण खालचं, कुणाकडे सोयरीक झाली की नाक वर राहतं, सगळं ठरलेलं!

तुम्हाला हे सांगण्याचं कारण असं, की ही वाट आता पुण्या-मुंबईच्या मुलांपुरती राहिलेली नाही. उद्या तुमचीही मुलगी, भाचा, पुतणी फोनवरून विचारील, "दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, कुठे जाऊ?" तेव्हा ‘बाबांना विचार’ एवढं म्हणून पोळ्या लाटत बसू नका. हा विषय आपल्याला कळण्यासारखा आहे. किंबहुना पुरुषांपेक्षा आपल्यालाच जास्त कळण्यासारखा आहे. का, ते पुढे सांगते.

आधी ते काम काय असतं ते बघू. कारखान्याचा खर्च हाताबाहेर चाललाय, बँकेला नव्या शाखा कुठे काढाव्यात कळत नाही, सरकारला एखादं शहर सुधारायचंय, अशा वेळी बाहेरची हुशार माणसं पैसे देऊन बोलावतात. ती येतात, दोन-तीन महिने कागद चाळतात, माणसांशी बोलतात आणि अहवाल देऊन जातात. मुंबईचं शांघाय करायचं म्हणून मध्यंतरी किती बोललं जायचं, आठवतंय ना? त्याच काळात, २००३ साली, ‘व्हिजन मुंबई’ नावाचा एक अहवाल निघाला होता. बॉम्बे फर्स्ट ही संस्था आणि मॅकिन्झी ही कन्सल्टिंग कंपनी, दोघांनी मिळून तो केला होता. मुंबईचं शांघाय झालं की नाही ते सकाळच्या लोकलने जाणाऱ्या बायकांना विचारा.

सल्ला देणारी एक जागा आमच्या बदनापुरातही आहे बरं का! कृषी संशोधन केंद्र. तुरीच्या वाणांसाठी ते नावाजलेलं आहे. वाणाच्या नावात बीडीएन ही जी अक्षरं असतात ना, ती आमच्या बदनापूरची. माझे दीर शेती बघतात. त्यांना तिथे ‘एक नंबरची तूर’ कुणी सांगत नाही. जमीन हलकी की भारी, पाणी किती, हे आधी विचारतात. बीडीएन ७११ ही पांढरी तूर, १५० ते १५५ दिवसांत निघते, म्हणून पाऊस लवकर तोंड फिरवून गेला तरी पदरात काहीतरी पडतं. बीडीएन ७१६ लाल, तिला १६५ ते १७० दिवस लागतात, तिला ओल धरणारी जमीन हवी. आणि सांगणाऱ्यांनी ती तूर स्वतःच्या प्लॉटवर पेरून बघितलेली असते. ही तूर जरा डोक्यात राहू द्या, पुढे लागणार आहे.

आता उतरंड. सगळ्यात वर तीन घराणी, मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन. मॅकिन्झी कंपनी १९२६ साली शिकागो विद्यापीठातल्या हिशेबशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी काढली. बीसीजी १९६३ ची. बेन १९७३ ची, आणि ती बीसीजीतूनच बाहेर पडलेल्या माणसांनी काढली. म्हणजे भाऊ वेगळा निघाला आणि समोरच वाडा बांधला! त्यांच्याखाली ‘चार मोठ्या’: डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. या मूळच्या हिशेब तपासणाऱ्या, पुढे सल्लाही देऊ लागल्या. त्यांच्याखाली लहानसहान असंख्य. कॉलेजातली मुलं ही नावं आपण अष्टविनायक म्हणावेत तशी क्रमाने म्हणतात.

मानाच्या याद्याही निघतात. व्हॉल्ट नावाची अमेरिकेतली कंपनी अशी यादी काढते. ती कशी ठरते हे मुलीने मला वाचून दाखवलं, तेव्हा मी हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं. कन्सल्टिंगमध्ये काम करणाऱ्यांनाच विचारतात, की अमुक कंपनीचा मान एक ते दहामध्ये किती? पण अट अशी, की स्वतःच्या कंपनीला गुण द्यायचे नाहीत. अट न्यायाचीच म्हणा, नाहीतर जो तो आपल्या घराला दहा देऊन मोकळा होईल. पण मग त्या गुणांचा अर्थ काय झाला? ज्या घराबद्दल विचारलंय त्या घरात जो राहतो, तो सोडून बाकी गावाने सांगायचं! त्यांच्याच दुसऱ्या याद्यांत आतल्या माणसांना कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक असं सगळं विचारलेलं असतं, पण त्या याद्या व्हॉट्सॲपवर कुणी कुणाला पाठवत नाही.

आता सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? मुलीचं स्थळ बघताना आपल्या आया काय करायच्या? पंचक्रोशीत नाव असलेल्या वाड्यात सुनेला दुपारी तीनपर्यंत पोटात घास जात नाही, हे त्यांनी पाहिलेलं असायचं. म्हणून नाव ऐकून घ्यायच्या आणि मग गुपचूप त्या घरच्या भांडीवालीला गाठायच्या, नाहीतर माहेरी आलेल्या थोरल्या सुनेला. म्हणून म्हटलं, आपल्याला जास्त कळतं.

आमच्याकडे झालं ते असं. मुलीला पुण्याच्या कॉलेजातून दोन नेमणुका मिळाल्या. एक यादीतल्या वरच्या नावांपैकी, जगभर पसरलेल्या कंपनीत. तिचं नाव इथे लिहीत नाही. दुसरी पुण्यातलीच, अवघ्या ३४ माणसांची. साखर कारखाने, दूध संघ, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या यांना कारभार कसा सुधारावा हे सांगणारी. ती कुठल्याच यादीत नाही. पहिलीचा पगार वर्षाला १४ लाख, दुसरीचा साडेनऊ. आणि डोक्यावर शिक्षणाचं ११ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षं, महिन्याला साडेअठरा हजारांचा हप्ता. हे शाळेत शिक्षक, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली.

घरात निवड तर झालीच होती. ह्यांनी शाळेत पेढे न्यायचा बेत केला. पुण्याहून वन्संचा फोन आला, "वहिनी, अहो ते नाव बायोडाटावर आलं ना, की स्थळांची रांग लागेल रांग! विचार कसला करताय?" वन्सं मनाने फार चांगल्या. त्यांच्याच घरी राहून पोरगी शिकली. त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

मुलगी मात्र गप्प. दोन दिवसांनी तिने सांगितलं, की आई, नाव ते असलं तरी काम ते नाही. या मोठ्या कंपन्यांची आपल्या देशात दोन तऱ्हेची कार्यालयं असतात. एका तऱ्हेच्या कार्यालयातली माणसं इथल्या कारखानदारांपुढे बसून सल्ला देतात. दुसऱ्या तऱ्हेच्या ठिकाणी, गुरगाव, हैदराबाद, बंगळूरला, अमेरिका-युरोपातल्या आपल्याच माणसांसाठी माहिती गोळा करायची, आकडे मांडायचे, तक्ते करून द्यायचे. पाटी तीच आणि मान तोच, पण एक जण पंगतीत वाढतो आणि दुसरा मागे भटारखान्यात कांदा चिरतो. कांदा चिरणं हलकं नाही हं, त्यावाचून पंगत उठायची नाही! पण कांदा चिरता चिरता पुढे वाढायला जाता येतं का, हे विचारून घ्यायला नको? तिला मिळालेलं काम हैदराबादचं, मागच्या बाजूचं, आणि तिकडच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालणारं. यादीत या दोन कामांना वेगवेगळे गुण नसतात.

मग मी आतल्या माणसांना गाठायचं ठरवलं. शेजारच्या वहिनींची भाची हैदराबादला तशाच कार्यालयात आहे. तिला मी एकच विचारलं, "बाळा, रात्री जेवतेस किती वाजता?" ती हसायलाच लागली. म्हणाली, "काकू, साडेदहाची मीटिंग असते. त्याआधी जेवले तर जेवले." मग मोकळेपणी बोलली. आठवड्याचे ६६ तास तरी होतात, शनिवार अर्धा जातो. पण शिकायला भरपूर, पगार एक तारखेला, गाडी रात्री दारापर्यंत सोडते, विम्यात आई-वडीलही धरलेले. तिची तक्रार नव्हती. तिला ते मानवलं होतं.

पुण्याच्या लहान कंपनीतल्या मुलीलाही फोन केला. तिथे आठवड्याला ५० तास. पण मालक एकच, त्यांचं बिनसलं तर दाद मागायला वर कुणी नाही. कारखान्यांकडून पैसे थकले की पगार आठ-दहा दिवस पुढे जातो, वर्षात दोनदा गेला होता. आणि एखाद्या कारखान्यावर गेलं, की बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधण्यात अर्धा तास. हे ऐकून माझा उत्साहही जरा मावळलाच.

मग हिशेबाची वही काढली. १४ लाख म्हणजे १४ लाख हातात नसतात, हे आधी गाठीला बांधा. त्यात दीड लाख कामावर रुजू होताना एकदाच मिळणारे, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचे. आणखी दीड लाख ‘कामगिरीनुसार’, म्हणजे दिले तर दिले. प्रॉव्हिडंट फंडातला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही त्याच आकड्यात घुसवलेली. सगळं वजा जाता महिन्याला हातात ७८ हजार. साडेनऊ लाखांत असली भर फारशी नव्हती, तिथे हातात ७० हजार. म्हणजे वर्षाला साडेचार लाखांचा दिसणारा फरक महिन्याला आठ हजारांवर आला! आता तासांनी भागा. तिकडे महिन्याचे २८६ तास, तासाला २७३ रुपये. इकडे २१७ तास, तासाला ३२३ रुपये. ह्यांनी चष्मा लावून दोनदा भागाकार केला. माझंच उत्तर आलं.

वहीत न बसणारी आणखी एक गोष्ट विचारायची असते, आणि ती विचारायला मुली लाजतात. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी ती लागू होते, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं म्हणजे झालं. म्हणजे ३४ माणसांच्या कंपनीलाही चुकत नाही. पण कायदा विचारून थांबू नका. ‘आजवर किती जणींनी घेतली आणि त्यातल्या किती जणी त्याच जागेवर परत आल्या’ ते विचारा. पेप्सीच्या प्रमुख झालेल्या इंद्रा नूयी १९८० ते १९८६ बीसीजीमध्ये होत्या. वडिलांना कॅन्सर झाला तेव्हा कंपनीने सहा महिन्यांपर्यंत भरपगारी रजा देऊ केली, असं त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक २०२१ साली आलं. मानाच्या यादीतल्या कंपन्यांत असंही घडतं.

आणि दुसरंही घडतं. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात, अशाच मोठ्या नावाच्या एका ठिकाणी हिशेबतपासनीस म्हणून लागलेली २६ वर्षांची केरळची मुलगी, रुजू होऊन चार महिने होतात न होतात तोच गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाचा त्यात किती हात होता, याबद्दल कंपनीचं म्हणणं वेगळं होतं, आणि केंद्र सरकारने चौकशी करणार असल्याचं जाहीर केलं होतं. एवढ्या प्रतिष्ठित कंपनीत लागल्याचा मुलीला केवढा आनंद झाला होता, हेही त्या आईने लिहिलं होतं. ती ओळ काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

नाव कायमचं टिकतं असंही नाही. आज ‘चार मोठ्या’ म्हणतात, २००२ पर्यंत त्या पाच होत्या. पाचवी आर्थर अँडरसन, १९१३ पासूनची, जगभरात ८५ हजारांच्या आसपास माणसं. एन्रॉन म्हटलं की आपल्याला कोकणातला दाभोळचा वीज प्रकल्प आठवतो. त्या एन्रॉनचे हिशेब तपासायचं काम याच अँडरसनकडे. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन बुडाली आणि वर्षाच्या आत अँडरसनचाही बाजार उठला. त्या साली तिथे नव्याने लागलेल्या मुलांच्या आयांनी वाटलेले पेढे अजून तोंडात असतील!

एवढं सगळं बोलून झाल्यावर ह्यांनी जे म्हटलं ते मात्र तुम्हाला सांगितलंच पाहिजे. हे म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं खरं. पण आपल्याकडे आहे काय? पुण्यात ओळख नाही, मुंबईत काका-मामा नाही. ज्याच्या घराण्याला नाव आहे त्याला कंपनीचं नाव लागत नाही. बदनापूरच्या मास्तरच्या पोरीला लागतं." या धंद्यात दोन-तीन वर्षांत वर चढायचं, नाहीतर बाहेर पडायचं, अशीच बऱ्याच ठिकाणी रीत असते. बाहेर पडताना जुन्या कंपनीचा शिक्का कामी येतो, आणि अनोळखी गावात तो शिक्काच तुमची ओळख असतो. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. ज्या घरात वशिला नाही, त्या घराने नावाचा हव्यास धरला तर त्याला हसू नये.

शेवटी ठरवलं ते मुलीनेच. तिने दोन्हीकडे एकच प्रश्न लिहून पाठवला, की दोन वर्षांनी मी ज्याला सल्ला द्यायचा त्याच्यासमोर बसलेली असेन का? मोठ्या कंपनीचं उत्तर सभ्य होतं. गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाता येतं, आश्वासन देता येत नाही. लहान कंपनीचं उत्तर दोन ओळींचं, पहिल्याच महिन्यात बसाल, बूट जाड तळव्याचे घ्या. तिने लहान कंपनी घेतली. ती म्हणाली, "आई, माझी जमीन कसली आहे ते मला ठाऊक आहे. रात्रपाळी माझ्याने व्हायची नाही, आणि चार माणसांत बसून बोलायचं मला येतं." दिरांना हे ऐकून फार बरं वाटलं. तुरीची उपमा घरात त्यांचीच.

पगार पुढेमागे झाला तर हप्ता चुकू नये, म्हणून सहा हप्त्यांचे १ लाख ११ हजार आम्ही ह्यांच्या पतसंस्थेतल्या ठेवीतून काढून वेगळ्या खात्यात ठेवले. ज्या घरात असा प्रसंग येईल त्यांनी हे आधी करावं, मग धाडसाच्या गोष्टी बोलाव्यात.

याला आता चौदा महिने झाले. पगार एकदा नऊ दिवस उशिरा आला, तेव्हा ते खातं उपयोगी पडलं. पोरगी उन्हाने काळवंडलीय. एका दूध संघात गाड्यांच्या दोन फेऱ्या निम्म्या रिकाम्या जातात, हे तिने शोधून काढलं. तिथल्या वयस्क व्यवस्थापकांनी आधी फाईलच दाखवली नाही, मग चहा पाजला आणि एक फेरी बंद केली. दुसरी चालूच आहे, तिच्यावर चेअरमनचा मेहुणा ड्रायव्हर आहे म्हणे! तिच्याबरोबरची एक मैत्रीण मोठ्या नावाच्या कंपनीत छान रुळली, बढतीही मिळाली. दुसरी नवव्या महिन्यात सोडून आली आणि सुरुवातीचे पैसे परत भरत बसली. आमचे हे अजूनही कुणी विचारलं तर "पुण्याला मोठ्या कंपनीत आहे" असंच सांगतात. मी दुरुस्त करत नाही.

स्थळांचं म्हणाल तर वन्संचं भाकीत अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी आणलेल्या पहिल्या घरातून विचारणा झाली, कंपनी कोणती? मी नाव सांगितलं. पलीकडून "असं का, बरं बरं." आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही अजून दिलीच नव्हती!

म्हणून आता बायोडाटा नव्याने लिहिलाय. नोकरीच्या ओळीत आधी ‘साखर कारखाने व दूध संघांना कारभाराविषयी सल्ला देते’ असं घातलंय, कंपनीचं नाव त्याखाली. तीन घरांतून फोन आले. दोघांचा पहिला प्रश्न तोच. तिसरीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, ती तिथे जाऊन नेमकं करते काय, ते सांगा ना जरा." अर्धा तास बोललो आम्ही. त्यांच्या माहेरचं दूध त्याच संघाला जातं. येत्या रविवारी ती मंडळी जालन्याहून यायची आहेत. मुलगी शनिवारी रात्रीच्या बसने निघेन म्हणालीय, कारखान्यावरचं काम आटोपलं तर.